बटणावरचा लाल चिमटा

त्यांना सगळे ‘अख्खे मिस्त्री’ म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, आडनावच असेल. आडनाव कसलं! सुतारकामात उभं आयुष्य गेलं आणि तरी दहाच्या दहा बोटं शाबूत, एवढ्यावरून पडलेलं ते नाव. या धंद्यात वय झालं की कुणाचं पेर गेलेलं असतं, कुणाचा अंगठा बोथट झालेला असतो, निदान एखादं नख तरी जन्माचं वाकडं. आपले मिस्त्री मात्र कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दोन्ही पंजे पसरून उभे राहायचे आणि म्हणायचे, “मोजा! एक जरी कमी भरलं तर चहा माझ्याकडून!” लोक हसायचे, कुणी खरंच मोजायचं, आणि चहा समोरच्याच्या माथी बसायचा. आता एवढी शेखी मिरवणारा माणूस काम तरी जपून करत असेल, असं तुम्हाला वाटेल. छे हो! नशिबाने हात वाचले होते, आणि मिस्त्रींना ते स्वतःचं कसब वाटत होतं.

त्यांची शेड घराच्या मागच्या भिंतीला चिकटून होती. घर आधीचं, शेड मागाहून काढलेली, त्यामुळे वीज घरातूनच ओढलेली. सॉकेट शेडमध्ये, फळ्यांच्या चळतीमागे, जमिनीपासून वीतभर उंच. त्याचं बटण मात्र घरात, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, दिव्यापंख्याच्या बटणांच्या रांगेत अगदी शेवटचं. तात्पुरती सोय म्हणून केलं होतं म्हणे. अशा तात्पुरत्या सोयी घरोघरी नातवंडं होईपर्यंत टिकतात, तशी ही टिकली.

मशीन म्हणजे हातात धरून चालवायचं कटर. त्याचा घोडा दाबून धरला की पातं फिरतं, सोडला की थांबतं. माणसाचा हात सुटला तर मशीननेही थांबावं, म्हणून तशी रचना. पण दिवसभर घोडा दाबून मिस्त्रींचं बोट भरून यायचं. मग एक दिवस त्यांनी काळी चिकटपट्टी घेतली आणि दाबलेला घोडा तसाच करकचून बांधून टाकला. पात्यावर लोखंडी गार्ड असतो, तोही काढून खिळ्याला टांगला, का तर त्याच्याआड आखलेली रेघ दिसत नाही. मग मशीन चालू-बंद व्हायचं कसं? हाकेवर! मिस्त्री शेडमधून ओरडणार, “चालू!” की घरातल्याने धावत बोळात जाऊन बटण दाबायचं. “बंद!” की पुन्हा धावायचं. पातं बदलायचं असलं तरी हेच. बटण आत, हात बाहेर, आणि दोघांच्या मध्ये नुसती एक आरोळी.

बरीच वर्षं ही धावपळ बायकोने केली, अधूनमधून मुलाने केली. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला लागला, त्याचं लग्न झालं, आणि बटण सुनेकडे आलं.

सून बोलायची कमी, पण नजर तिखट. आल्या आल्याच तिने विचारलं, “बाबा, पातं बदलताना प्लगच का नाही काढून ठेवत?”

“त्या फळ्यांमागे वाकायचं कुणी? कंबर माझी आहे.”

“मी काढत जाईन.”

“राहू दे गं. इतकी वर्षं चाललंय, काय बिघडलं?” असं म्हणून मिस्त्रींनी दोन्ही पंजे तिच्यापुढे पसरले. “मोज!”

तिने बोटं मोजली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांतला एक लालभडक चिमटा आणला. “बंद!” अशी हाक आली की ती बटण बंद करायची, त्यावर चिमटा लावायची आणि ओरडून सांगायची, “बंद केलं, चिमटा लावला!” चिमटा असेपर्यंत त्या बटणाला कुणी बोट लावायचं नाही, असा तिने घरात नियमच करून टाकला. मिस्त्रींनी त्याची चहावाल्याकडे यथेच्छ टिंगल केली. “आमच्याकडे हल्ली वीजसुद्धा वाळत घालतात!” म्हणाले. पण चिमटा लागत राहिला.

तिला लाकूडही आवडायचं. दुपारी सगळे पडले की ती शेडमध्ये येऊन हातकरवतीने काहीबाही कापत बसायची. एकदा तिने छोटं स्टूल केलं. मिस्त्रींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, सपाट फरशीवर ठेवून हलवून पाहिलं, स्वतः बसून पाहिलं. कुठे चूक सापडेना, तेव्हा म्हणाले, “रंग तेवढा बरा लाव.” ती हसली. ही शाबासकी आहे हे तिला बरोबर कळलं होतं. त्यानंतर ते तिला मशीन शिकवायचं बोलू लागले. बायकोने नाक मुरडलं, पण मिस्त्रींनी मनावर घेतलं होतं.

आणि मग तो दिवस आला.

एका खिडकीच्या चौकटीचं काम चाललं होतं. ऐन कापताना वीज गेली. पातं बोथट झालंच होतं. मिस्त्रींनी विचार केला, तेवढ्यात बदलून घेऊ. रीतीप्रमाणे हाक दिली, “बंद!” आतून उत्तर आलं, “बंद केलं, चिमटा लावला!” सून ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली. मिस्त्रींना तहान लागली होती. ते आत गेले, घटाघटा पाणी प्यायले, परत आले. मशीन मांडीवर घेतलं, डाव्या हाताने पातं धरलं, उजव्या हातात पाना घेतला. नट जरा सैल झाला असेल नसेल, तोच वीज आली.

पुढचं वर्णन नको. डाव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेलं, त्याच्या शेजारचं अर्ध्यावर गेलं. बायको किंचाळत धावली, सून गच्चीवरून अनवाणी पायांनी धडधडत खाली आली. मिस्त्रींनी हात पंच्याने आवळला होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि सुनेला पाहताच ते ओरडले, “कुणी चालू केलं? बटण कुणी चालू केलं?”

त्या क्षणी त्यांना खरंच माहीत नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

दवाखान्यात टाके पडले. गुंगी उतरत होती, तेव्हा सिस्टरने एक ट्रे उशाशी ठेवला. “आजोबा, शर्ट कापावा लागला. खिशातलं सामान तेवढं जपून घ्या.” ट्रेमध्ये पेन्सिलीचा तुकडा होता, मोजायची टेप होती, आणि लाल चिमटा होता.

मिस्त्री त्या चिमट्याकडे बघत राहिले आणि मग सगळं लख्ख आठवलं. पाणी पिऊन परतताना ते बोळात थांबले होते. वीज आली का बघू म्हणून त्यांनी बटणांच्या रांगेवरून बोट फिरवलं होतं, टक टक टक. शेवटच्या बटणाला चिमटा आडवा आला. तो काढला, खिशात टाकला, तेही बटण दाबलं. कुठेच काही लागलं नाही. सगळी बटणं तशीच ठेवून ते शेडमध्ये गेले होते.

बाहेरच्या बाकावरून मुलाचा आवाज येत होता. “तू चिमटा लावला होतास, तर मग तो गेला कुठे? सगळं घर शोधलं मी!”

“लावला होता हो,” सून रडत सांगत होती. “शप्पथ लावला होता.”

“कपडे वाळत घालताना कमी पडला असेल,” सासूचा आवाज आला. “बटणावरचा काढून नेला असशील, तेव्हाच हात लागला असेल. आठव जरा.”

शेवटी सून हळूच म्हणाली, “चिमटे कमी पडले होते खरे.”

तेव्हाच हाक मारायची! एक हाक, ‘अरे, इकडे या, चिमटा माझ्याकडे आहे’, की संपलं. मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे चहावाल्याची टपरी आली. अख्खे मिस्त्री, स्वतःच बटण दाबलं आणि स्वतःच हात घातला. त्यांनी चिमटा उशीखाली सरकवला.

पण एवढ्यावर भागलं असतं तर! संध्याकाळी त्यांचा जुना दोस्त, गल्लीतला प्लंबर, भेटायला आला. “सुनेने चालू केलं म्हणे?” त्याने विचारलं. आणि मिस्त्री, अहो, हे सांगतानाही लाज वाटते, मिस्त्री मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, “असू दे. पोर आहे. होतं चुकून.” नुसतं गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. घरी आल्यावर सून पाया पडून हमसून हमसून रडली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर धडधाकट हात ठेवला आणि म्हणाले, “झालं गेलं विसर.” माफ केलं तिला. स्वतःच्या चुकीबद्दल तिला माफ केलं!

ती विसरली नाही. तिने बटणांना हात लावायचं सोडलं, शेडच्याच नव्हे, घरातल्या कुठल्याच. मिक्सर लावायचा असला की म्हणायची, “आई, जरा दाबता का?” सासू बाहेर गेलेली असली की तशीच थांबायची. दिवस मावळायचा, घरात अंधार दाटायचा, आणि नवरा कामावरून येईपर्यंत ती त्या अंधारात भाजी निवडत बसायची. मिस्त्री पलीकडच्या खोलीत खाटेवर असायचे. त्यांना तिच्या सुरीचा आवाज ऐकू यायचा. उठून दिवा लावायला काय जात होतं? पण दिवा लावला की तिचा चेहरा दिसेल, म्हणून तेही अंधारात पडून राहायचे. स्टूल तिने शेजारणीला देऊन टाकलं. शेडकडे ती फिरकेनाशी झाली.

चिमटा मिस्त्रींनी खिळ्यांच्या डब्यात, अगदी तळाशी लपवला होता. दोनदा तो फेकायला नाक्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तसेच परत आले. जेवताना घास उतरेना. बायकोला वाटायचं, हात दुखतोय. ती म्हणायची, “एवढं काय मनाला लावून घेता? पोरीने मुद्दाम थोडंच केलं?” मिस्त्री मान खाली घालून पाणी प्यायचे.

एका रविवारी प्लंबर आला. सगळे बसले होते. सून चहा घेऊन आली, तसा हा बाबा डोळे मिचकावत म्हणाला, “सूनबाई, आमच्या घरी कधी याल तर आधी कळवा बरं का! बटणं झाकून ठेवतो!”

सगळे हसले. सूनही हसली. कप खाली ठेवताना मात्र चहा बशीत सांडला. ती आत गेली, आणि आतून कसलाच आवाज येईना.

“मी दाबलं होतं,” मिस्त्री म्हणाले.

“काय?”

“बटण. मीच दाबलं होतं. पाणी प्यायला गेलो तेव्हा. चिमटाही मीच काढला. तिने काही केलं नाही.”

मुलाने विचारलं, “मग बाबा, इतके दिवस बोलला का नाहीत?”

हीच ती वेळ होती. खरं उत्तर ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात सून दारात येऊन उभी राहिली, आणि मिस्त्रींची जीभ वळली. “आत्ताच आठवलं,” ते म्हणाले. “आत्ता, इथे बसल्या बसल्या. तोवर डोक्यातून गेलंच होतं.”

सुनेचा जीव भांड्यात पडला. दाराच्या चौकटीला धरून ती खालीच बसली आणि रडली. सासूने तिला पोटाशी धरलं, मुलाने कान पकडून तिची माफी मागितली. प्लंबरने तर मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. “मानलं तुला! आठवल्या आठवल्या सांगून टाकलंस. दुसरा असता तर मूग गिळून बसला असता.” ती थाप पाठीवर पडली आणि मिस्त्रींना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण धरणीला बरीच कामं असतात. ते तिथेच बसून राहिले आणि लोकांनी केलेलं कौतुक त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

त्या संध्याकाळी घरातला दिवा सुनेने लावला. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली, कंबरेला पदर खोचून. “बाबा, आता काम माझ्या पद्धतीने होणार,” म्हणाली. मिस्त्री मुकाट्याने ‘हो’ म्हणाले. तिने वायरमन बोलावून शेडचं बटण शेडमध्येच, सॉकेटच्या शेजारी, उभ्याने हात पोचेल असं बसवून घेतलं. फळ्यांची चळत हलवली. घोड्यावरची काळी चिकटपट्टी सुरीने कापून काढली. खिळ्यावरचा गार्ड पुसून परत पात्यावर चढवला. डोळ्यांसाठी चष्मे आणले, बांगड्या काढून ठेवल्या, केस बांधले, सैल बाह्यांचे कपडे बाद केले आणि पुढे खिसा असलेला जाड एप्रन शिवून घेतला. पातं बदलायचं तर प्लग काढायचा आणि जो बदलतोय त्याच्या नजरेसमोर ठेवायचा, हा तिचा नवा नियम. आरोळ्या बंद झाल्या.

मिस्त्री तिला शिकवू लागले. रेघ कशी धरायची, लाकूड शिकंज्यात कसं आवळायचं, पातं अडकलं तर जोर न करता आधी घोडा कसा सोडायचा. ज्या गोष्टी त्यांनी स्वतः कधीच पाळल्या नव्हत्या, त्या सगळ्या सांगायच्या होत्या. ती चटकन शिकत होती. आणि मधूनच म्हणायची, “तुम्ही बोललात म्हणून मी आज इथे आहे, बाबा. नाहीतर मला वेडच लागलं असतं.” हे ऐकलं की ते काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने तोंड फिरवायचे.

एके सकाळी कपाटाच्या दाराची फळी कापायची होती. पातं बदलायला झालं होतं. आजवर ते तिने त्यांच्या देखरेखीखाली बदललं होतं, आज म्हणाली, “तुम्ही बसा, मी एकटी करते.” तिने घोडा सोडला, पातं पुरतं थांबू दिलं, बटण बंद केलं, प्लग काढला. मग तो प्लग तिने मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला आणि उरलेली बोटं त्यावर स्वतः मिटवली.

“हा तुम्ही धरा,” ती म्हणाली. “तुमच्या हातात असला की मला चिंता नाही.”

मशीन मांडीवर घेऊन ती पान्याने नट सैल करू लागली. तिची बोटं पात्याच्या दातांना लागून होती, आणि ती वर बघतही नव्हती. मिस्त्री हातातल्या प्लगकडे बघत होते. त्यांना तो धरवेना.

“सूनबाई.”

“हं?”

“मला त्या रविवारी नव्हतं आठवलं.”

पाना थांबला.

“दवाखान्यातच आठवलं होतं. त्याच दिवशी. चिमटा माझ्या खिशात निघाला. तुम्ही सगळे बाहेर बाकावर बोलत होतात, ते मला ऐकू येत होतं.” त्यांनी उजव्या हाताने खिळ्यांचा डबा ओढला, खिळे फरशीवर उपडे केले. लाल चिमटा घरंगळत तिच्या पायाशी गेला. “मला लाज वाटली. लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही. मग बोललो तेही अर्धंच.”

तिने चिमट्याकडे पाहिलं.

“म्हणजे मी अंधारात बसायचे,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“पलीकडच्या खोलीत होतात तुम्ही.”

“हो.”

तिचे डोळे भरले नाहीत. चेहरा नुसता कोरा झाला, आणि ते मिस्त्रींना सोसवेना. “बोल ना काहीतरी,” ते काकुळतीला आले. “ओरड माझ्यावर. वाटेल ते बोल. तुला हक्क आहे.”

“बोलणार आहे,” ती म्हणाली. “पण आत्ता नाही. आत्ता पातं हातात आहे.”

तिने पाना खाली ठेवला. पुढे झुकून त्यांच्या मुठीतून प्लग काढून घेतला, एप्रनच्या खिशात टाकला, खिशावर एकदा हात दाबून पाहिला, आणि पुन्हा पाना उचलून ती नट फिरवू लागली.